पसरणी घाटाखालचं गॅरेज

सकाळी ७.३०
वाईत हिवाळ्याची सकाळ चांगलीच गार असते आणि मला ती गारच हवी असते. एक पांढरी पेट्रोल हॅचबॅक काल मुक्कामालाच ठेवून घेतली होती. मालकांची तक्रार : "सकाळी थरथरते, तापली की शहाण्यासारखी चालते." अशी गाडी संध्याकाळी तपासून उपयोग नसतो. गारठ्यात रबर आखडतं, होजवरची भेग उघडी राहते. इंजिन तापलं की तीच भेग मिटते आणि दोष गायब होतो.

चावी मारली. आरपीएमचा काटा वरखाली. दोन-तीन मिनिटांनी ऑक्सिजन सेन्सर तापला, तसा स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचा आकडा आला : +२२. म्हणजे मिश्रण सावरायला कॉम्प्युटर नेमापेक्षा २२ टक्के जास्त पेट्रोल सोडतोय. रेस २,५०० वर धरली आणि आकडा ५ वर उतरला. इथंच निदान झालं म्हणायचं. पेट्रोल पंप किंवा फिल्टर कमजोर असता, तर रेस वाढवल्यावर आकडा चढला असता. आयडलिंगला इंजिन हवा थोडीच ओढतं, त्यात भेगेतून शिरणारी हवा मोठी ठरते. रेस वाढली की तिचा वाटा नगण्य होतो.

शेजारी उभ्या शिकाऊ पोराने व्हॅक्यूम गेज लावलं आणि म्हणाला, "दादा, काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली आहे." गेजवरचा पट्टा समुद्रसपाटीसाठी छापलेला असतो. तिथे चांगलं इंजिन १८ ते २० इंच दाखवतं. वाई सातशे मीटरच्या आसपास उंच आहे, इथे दोनेक इंच कमीच येणार. मात्र आमचा काटा त्याहूनही खाली होता आणि थरथरत होता.

सकाळी ९
स्मोक मशिनचा धूर इनटेकमध्ये सोडला. दाब एक पीएसआयच्या आसपास, त्याहून जास्त दिला तर चांगली सीलं उचकटतात. धूर मॅनिफोल्डच्या मागून, क्रॅंककेसच्या होजच्या वळणावरून निघाला. बोटाने दाबलं तरच दिसेल एवढी भेग. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या डब्याला लागून आहे. त्याच्या पुढे शिरलेली हवा न मोजताच सिलिंडरला पोचते. ज्या गाड्यांत मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, तिथे ही हवा हिशेबात धरली जाते. तिथे मिश्रण फारसं बिघडत नाही, आरपीएम मात्र चढून बसतो. गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे पाहिल्याशिवाय आकडे वाचू नयेत, हे पोराला मी रोज सांगतो.

या गाडीला एका ठिकाणी चारही इंजेक्टर बदलायला सांगितलं होतं. अशा वेळी जीव तुटतो. १ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. एका लिटरला साधारण नऊ-दहा हजार लिटर. एवढी हवा सोडून सगळे पेट्रोलच्याच मागे लागतात. होज बदलली, ट्रिम +३ वर आला.

सकाळी १०.३०
ऊसतोडीच्या दिवसांत डिझेल पिकअपांची रीघ लागते. एक तात्या आले. "मिस्त्री, चढाला दम सोडतीया, अन् धूर काळाकुट्ट."

डबा उघडला. फिल्टर धुळीने गच्च, आणि कागदाच्या घड्यांत एक फाट.

"तात्या, ह्याला हवा कोण मारतं?"

"मीच की. पंक्चरवाल्याकडं, फुल प्रेशरनं."

हवा मारायचीच तर आतून बाहेर, हलक्या दाबाने. बाहेरून जोरात मारली की धूळ आत रुतते आणि कागद फाटतो. फाटलेल्या फिल्टरमधून आलेली माती आधी टर्बोची पाती खाते, मग सिलिंडर. नशिबाने पाती शाबूत होती. पण इंटरकूलरचा पाइप क्लॅम्पपाशी उसवलेला. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटत होती, डिझेल मात्र पूर्ण पडत होतं. काळा धूर त्याचाच.

दुपारी ३
जेवण उरकतंय तोवर कॉलेजचा एक मुलगा उघडा कोन फिल्टर घेऊन आला. आवाज भारी येईल, हे मी कबूल केलं. पण बॉनेटखालची ६० अंशांची हवा बाहेरच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. कंपनीचा डबा पुढून, रेडिएटरच्या वरून गार हवा घेतो, तो काढून गरम हवा का पाजायची? महाबळेश्वरला गेल्यावर गाडी सुस्त वाटते, हे त्याला माहीत होतं. तिथे साडेतेराशे मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्के कमी असतो. त्यात आणखी तोटा पदरचा कशाला? फिल्टर पिशवीत घालून तो परत घेऊन गेला.

संध्याकाळी ५.१५
घाट उतरून एक कुटुंब आलं. "ब्रेक दाबला की गाडी बंद पडायला येते. इंजिनचं बघा." ब्रेक जड झालाय का, विचारलं. वहिनी पटकन म्हणाल्या, "हो ना, पाचगणीपासून यांना दोन पायांनी दाबावा लागत होता."

इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबलं, दाबूनच धरलं आणि चावी मारली. पेडल किंचित खाली जायला हवं होतं. गेलं नाही. डॅशखाली 'सूं' असा आवाज. बूस्टरचा पडदा फाटला होता. मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमच्या जोरावरच बूस्टर पायाला मदत करतो. पडदा फाटला की मदत संपते, आणि दर दाबाला बाहेरची हवा इंजिनमध्ये शिरून आयडलिंगही बिघडतं.

"उतारावर इग्निशन बंद करत होता का?" त्यांनी मान डोलावली; पेट्रोल वाचतं म्हणून. इंजेक्शनच्या गाडीत गिअर पाडून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर पेट्रोल आपणच तोडतो, आणि तेव्हाच व्हॅक्यूम सगळ्यात जास्त असतं. इंजिन बंद केलं तर चांगल्या बूस्टरमध्येही दोन-तीन दाबांपुरतीच मदत उरते. पसरणीच्या वळणांना ती पुरत नाही.

त्यांना रात्रीच पुण्याला पोचायचं होतं. मी नाही म्हणालो. बूस्टर साताऱ्याहून उद्या सकाळी येईल. चावी माझ्याकडेच ठेवून घेतली आणि पोराला त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला पाठवलं.