किडनीचं पथ्य (भाग ६) : खात्री किती आणे?

पोटॅशियम कमी करण्यासाठी भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून का द्यायचं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. हे ज्ञान डायलिसिसवरच्या बहुतेकांकडे असतं. केळं नको, नारळपाणी नको, लोणचं-पापड नको, पाणी मोजून, सगळं तोंडपाठ. तरीही शुक्रवारी मशीनवरून उठलेला माणूस सोमवारी तीन किलो वाढवून येतो. दोन-तीन दिवसांत चरबी एवढी चढत नाही. ते साठलेलं पाणी असतं. एक लिटरला एक किलो.

"पथ्य पाळता ना?" या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. समोर सिस्टर सुई घेऊन उभी असताना कोण नाही म्हणेल?

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७मध्ये मांडलं, की एखादी गोष्ट आपल्याला जमेल असं माणसाला जितकं वाटतं, तितका तो अडचणीतही ती धरून राहतो. ही खात्री मोजायची कशी, हे त्यांनी २००६मध्ये सविस्तर लिहिलं. सुरुवातीला सराव म्हणून विचारायचं, किती वजन उचलता येईल? दहा पौंड, वीस, पन्नास, असं थेट तीनशेपर्यंत. प्रत्येकापुढे शून्य ते शंभरमधला आकडा. त्यांचा आग्रह एका शब्दावर होता: "कराल का" नव्हे, "जमेल का". "पाळीन" हे वचन झालं, आणि वचन द्यायला आपल्याकडे काय लागतं?

मराठीत विचारताना पहिला अडथळा "आत्मविश्वास" हाच. तो शब्द ऐकला की माणसाला वक्तृत्व स्पर्धा आठवते. शंभरपैकी आकडा मागितला तर परीक्षा वाटते. मला वाटतं, साठीपुढच्यांना आण्यांत विचारावं. "सोळा आणे खात्री की आठ आणे?" हे माप त्यांच्या जिभेवर आधीच आहे.

दुसरं, प्रश्न जागेवरचा हवा. परदेशी प्रश्नावलीतला संत्र्याचा रस हैदराबादेत अंबरपेठेतल्या मराठी घरात कोण पितो? इथे विचारायचं ते असं : मे महिन्यात दुपारी रिक्षातून उतरलात, कोपऱ्यावर शहाळ्यांचा ढीग आहे; न थांबता पुढे जाणं किती आणे जमेल? मित्राने इराणी चहा मागवला, तर अर्ध्या कपावर थांबणं? आमटीत चिंच, पानात अंबाडीची चटणी (दोन्हींत पोटॅशियम भरपूर), आणि वाढणारी सून नवी; "मला नको" म्हणणं? सोम-बुध-शुक्र पाळीवाल्यांना रविवारचं वेगळं विचारावं. मधली फट तेव्हाच सर्वांत लांब असते आणि पाहुणेही तेव्हाच येतात.

उत्तरांची बेरीज मला फारशी कामाची वाटत नाही. घरी चौदा आणे आणि लग्नात तीन आणे, याची सरासरी काढून काय करणार? तीन आणे कुठे आले ते बघायचं आणि तिथेच डोकं लावायचं. घरून जेवून निघावं, किंवा यजमानांना आधी फोन करावा. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा.

आणि विचारायचं कोणाला? पथ्य नवऱ्याचं, कढई बायकोच्या हातात. बाकीच्यांसाठी चमचमीत आणि एकासाठी वेगळं, हे रोज दोनदा करायची तिची खात्री किती आणे, हे बहुधा कोणी विचारतच नाही.

खात्री खोटी असतेच असं नाही, पण चुकीच्या गोष्टीवर बसलेली असू शकते. म्हणून शेजारी वजनाचा काटा आणि रक्तातलं पोटॅशियम ठेवायचं. मीठ कमी करणं सोळा आणे जमतं, असं एखादे काका छातीठोकपणे सांगतात आणि पोटॅशियम तर चढलेलं असतं. घरी चौकशी केली की ओट्यावर "लो सोडियम" मिठाचं पाकीट सापडतं. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियम क्लोराइडच असतं. काकांनी पथ्य मनापासून पाळलेलं असतं.

पुढच्या भागात : दूध, डाळ आणि फॉस्फरस.