टिनांवरचा तवा

आंजी (मोठी)च्या आभाळातून रात्रभर विमाने जातात. १९४९ साली रात्रीचे हवाई टपाल सुरू झाले, तेव्हा चार दिशांची विमाने मध्यरात्री नागपुरात भेटून थैल्या बदलत. देशाच्या मध्यावर राहण्याचे भाग्य ते हेच!

मागच्या हिवाळ्यात बहीण मुंबईहून कोलकात्याला पहिल्यांदाच विमानाने निघाली. ‘घरावरून गेली का सांगजो,’ आई म्हणाली. विमान आपले ठिकाण १०९० मेगाहर्ट्‌झवर सेकंदाला दोनदा सांगत असते. ते ऐकायचे यंत्र माझ्याजवळ होते. पण खिडकीतली बोटभर एरियल जेमतेम दोन-तीन विमाने दाखवी.

दोष कांडीचा नव्हता. पाव तरंगलांबीची, सुमारे सात सेंटिमीटरची कांडी ही अर्धीच एरियल. उरलेली अर्धी बाजू बुडाशी धातूचा पत्रा भरून काढतो, आणि तोही चहूकडून निदान कांडीएवढा पसरलेला हवा. मी चुलीवरचा लोखंडी तवा पालथा घातला. एरियलचे चुंबक टक्कन बसले.

‘माहा तवा कुठी गेला रे?’

तवा तोवर टिनांवर पोचला होता. खाली लहरी अडवणारी तीच टिने आता कामाला आली. (ढग गडगडू लागले की हे खाली उतरवावे.) नागपूरला उतरणारी विमाने जमिनीलगत येताच पृथ्वीच्या गोलाईआड जातात, तिथे तवा काय करणार? पण दहा किलोमीटर उंचीवरचे विमान तीनशे किलोमीटरवरूनही ऐकू येते.

बहिणीचे विमान बुलढाण्याजवळ असतानाच पडद्यावर उमटले. आई अंगणात आली. लुकलुकता दिवा पूर्वेला सरकत गेला.

‘जेवली असंन का ते?’ तिने विचारले.