उच्च शिक्षणाचा खर्च आणि शिष्यवृत्तीचा अर्ज

पदवी परीक्षेचे निकाल लागले की अनेक घरांत एक प्रश्न उभा राहतो. मुलाला अथवा मुलीला पुढे शिकावयाचे असते, गुणही चांगले असतात. पण खर्चाची तोंडमिळवणी कशी करावयाची? नोकरीनिमित्त दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत या प्रश्नाच्या पाठोपाठ येणारे उत्तरही प्रस्तुत लेखकाने पुष्कळदा ऐकले आहे: शिष्यवृत्त्या म्हणजे नशिबाचा खेळ! वाचकहो, ही समजूत बरीचशी चुकीची आहे. शिष्यवृत्ती देणाऱ्याचा काही हेतू असतो आणि त्याच्या काही अटी असतात. त्या हेतूशी आपला अभ्यास जुळतो काय आणि त्या अटी आपल्याला पेलतील काय, हे आधी पाहावयाचे असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे विद्यार्थिजीवन या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १९१३ साली बडोदे संस्थानने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार त्याच वर्षी ४ जून रोजी झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली ते एम. ए. झाले. १९१६ साली लंडनला जाऊन त्यांनी पुढील अभ्यास आरंभिला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली तो अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यास नोकरी होती, पण ‘अस्पृश्य’ म्हणून राहावयास जागा मिळेना, तीही सुटली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून साठविलेली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज एवढ्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. डी. एस्सी. ही पदवी मिळावयास १९२३ साल उजाडले.

एका ठिकाणचा पैसा शेवटपर्यंत पुरत नाही, हा अनुभव अनेकांच्या वाट्यास येतो. म्हणून अर्ज करण्यापूर्वी अभ्यासक्रमाचे महिने आणि शिष्यवृत्तीचे महिने शेजारी शेजारी मांडून पाहावे.

या हकीकतीचा उत्तरभाग दिल्लीतच घडला. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर आले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी दलितांच्या गाऱ्हाण्यांचे जे निवेदन सरकारला सादर केले, त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी होती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. ती आजही चालू आहे.

आज शोध कोठे घ्यावा? देशातच पीएच. डी. करावयाची असेल तर नेट परीक्षेतून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप पाहावी. २०२३ सालापासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व त्यानंतर ४२,००० रुपये आहे. सर्वसाधारण वयोमर्यादा तीस वर्षांची. स्त्रियांना पाच वर्षांची सवलत आहे, हे घरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. तिचे नियम मात्र बारकाईने वाचावेत. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास व समाज हे विषय परदेशात शिकण्यासाठी ती मिळणार नाही, अशी अट २०२२ साली घालण्यात आली. आमच्या मते ही अट अनाठायी आहे. पण अर्जदाराला ती माहीत असलीच पाहिजे. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीस दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो व शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. १८९२ साली स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एन्डोमेंटचे साह्य हे कर्ज आहे, फेडावयाचे आहे. कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर या तिच्या पहिल्या लाभार्थींपैकी एक.

अर्जासोबतच्या निवेदनाविषयी थोडे सांगावयास हवे. भाषांतराच्या व्यवसायामुळे ओळखीची मुले आपले मसुदे आमच्याकडे तपासावयास आणतात. बहुतेकांचा आरंभ लहानपणापासूनच्या आवडीने होतो आणि दुसऱ्या पानापर्यंत विषयाचे नावही येत नाही! कोणता प्रश्न अभ्यासावयाचा, तो त्याच विद्यापीठात का, आणि आतापर्यंत त्यासाठी आपण काय केले, हे पहिल्या परिच्छेदातच यावे. गरिबीचे वर्णन करू नये. उत्पन्नाचा दाखला ते काम करतो. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना निदान महिनाभर आधी भेटावे व आपला मसुदा त्यांच्या हाती द्यावा.

आणि गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती आधी मागवाव्यात. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण बी. ए.वर थांबले, त्याचे कारण तेवढेच. निवेदन लिहून झाले होते, दोन शिफारसपत्रेही आली होती. विद्यापीठाकडे प्रमाणित प्रतीसाठी अर्ज मात्र मुदतीच्या तीन आठवडे आधी केला. प्रत आली ती मुदत उलटून नऊ दिवसांनी. दुसऱ्या वर्षी घरची परिस्थिती बदलली होती. ते पाकीट अजून कपाटात आहे.