जुनी खेळणी : जतन कशाचे करावयाचे?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गातील काचेच्या कपाटात पुस्तकांशेजारी काही खेळणीही असत, हे माझ्या वयाच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. गोकाकची लाकडी फळे, सावंतवाडीचा एक हत्ती आणि पितळी भातुकलीतील चार-सहा भांडी. निबंधाच्या तासाला गुरुजी त्यातील एखादी वस्तू टेबलावर ठेवीत आणि "ही काय सांगते ते लिहा" एवढेच म्हणत. ते कपाट पुढे रिकामे झाले. आज त्याच कपाटाच्या निमित्ताने जुन्या खेळण्यांचा संग्रह आणि जतन या विषयावर चार विचार मांडण्याचे योजले आहे.

खेळणे ही क्षुल्लक वस्तू आहे, असा आपला समज असतो. मोहेंजोदडोच्या उत्खननात मातीच्या चिमुकल्या गाड्या आणि मान हलविणारा बैल सापडला, तेव्हा त्या नगरीतील मुलांचे अस्तित्व प्रथमच डोळ्यांपुढे उभे राहिले. शूद्रकाने तर आपल्या नाटकाचे नावच मातीच्या गाडीवरून ठेवले. बेळगावात शिकलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी ते 'मृच्छकटिक' मराठी रंगभूमीवर आणले. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन सोन्याच्या गाडीसाठी रडतो, वसंतसेना आपले अलंकार त्याच्या मातीच्या गाडीत भरते आणि तेच अलंकार पुढे न्यायसभेत चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात. खेळणे साक्ष देते, ही जाण आपल्या परंपरेत इतकी जुनी आहे.

असे असूनही जुनी खेळणी फार थोडी उरतात. याचे कारण त्यांच्या प्रयोजनातच आहे. दागिना जपण्यासाठी घडवितात. खेळणे मोडेपर्यंत खेळण्यासाठी. शिवाय ज्या द्रव्यांतून ते घडते, ती द्रव्येही अल्पायुषी असतात. सावंतवाडीच्या चितारआळीत पूर्वी प्रामुख्याने पांगाऱ्याचे लाकूड वापरीत. ते हलके व मऊ असल्यामुळे कोरावयास सोपे, परंतु किडीलाही तितकेच सोपे. कातकामाची रीत निराळी. चन्नपट्टणचे कारागीर काळ्या कुड्याचे लाकूड सांगाड्यावर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या पानाने घासून तिला चकाकी आणतात. म्हणजे लाखेचा रंग उष्णतेनेच बसतो. असे खेळणे उन्हात किंवा दिव्याच्या धगीजवळ ठेवले, तर त्या लेपाला अपाय होतो. वस्तू कशी घडली हे ठाऊक असेल, तरच ती कशी राखावी हे कळते.

भाषेचा अभ्यासक म्हणून मला भातुकलीचे महत्त्व विशेष वाटते. घंगाळ, बंब, जाते, उखळ-मुसळ, पाटा-वरवंटा, रोळी, शेगडी, मोदकपात्र : स्वयंपाकघरातून निघून गेलेल्या कितीतरी वस्तू भातुकलीत बोटाएवढ्या आकारात टिकून राहिल्या आहेत. काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मी 'वैल' या शब्दाचा अर्थ विचारला. कोणालाही सांगता आला नाही. घरी असलेली मातीची खेळातली चूल दुसऱ्या दिवशी नेऊन दाखविली. चुलीचा जाळ शेजारच्या ज्या तोंडाकडे वळून आमटी-दूध कढत ठेवतो, ते तोंड म्हणजे वैल, हे क्षणात उमगले. शब्दकोशाच्या दोन ओळींनी जे साधले नसते, ते वीतभर चुलीने साधले. आपल्यासारख्या सीमाभागातील मराठी माणसांना, ज्यांची घरगुती भाषा हाच मोठा ठेवा आहे, हे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही.

आता माझ्या हातून घडलेला एक प्रमाद सांगतो. माझे आजोळ सावंतवाडीचे. आजोबांनी माझ्या धाकट्या बहिणीला एक ठकी, म्हणजे रंगविलेली लाकडी बाहुली, आणून दिली होती. बहीण सहाव्या वर्षी विषमज्वराने गेली. ठकी आईच्या ट्रंकेत राहिली. १९८८ साली आई गेल्यानंतर ट्रंक उघडली, तेव्हा ती माझ्या हाती आली. एका गालाचा रंग बहिणीच्या हाताने पुसला गेला होता, कपाळावर काजळाची तीट होती आणि पायाशी दातांच्या खुणा होत्या. पुढे एका प्रदर्शनात ती मांडावयाची ठरली. ती बरी दिसावी म्हणून मी एका रंगाऱ्याला तिला "नवी करून द्या" असे सांगितले. त्याने सांगितले तसेच केले. लाकूड घासले, दाताच्या खुणा लांबीने बुजविल्या, नवे तैलरंग चढविले. प्रदर्शनात ठकीचे कौतुक झाले. घरी आल्यावर मी ती हातात घेतली आणि माझ्या लक्षात आले की माझ्या बहिणीची अखेरची खूण मी पैसे देऊन पुसून टाकली आहे. तिचे छायाचित्रही आमच्याकडे नव्हते.

तेव्हापासून माझे एक मत पक्के झाले आहे. जतन करणे म्हणजे नवे करणे नव्हे. झिजलेला रंग, मोडून दोऱ्याने बांधलेले चाक, भांड्याच्या काठाला पडलेला पोचा ही खेळण्याची हानी नसून त्याचे चरित्र आहे.

संग्रह करू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. रंगविलेले लाकूड पाण्याने धुवू नये, त्याला तेल वा व्हार्निश लावू नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडणे पुरेसे असते. रंगाचे पोपडे सुटत असतील तर तेही करू नये, जाणकारास दाखवावे. गुंडाळण्यासाठी वर्तमानपत्र नको. त्याची शाई लागते आणि आम्लयुक्त कागद वस्तूला बाधतो. धुऊन मऊ झालेले पांढरे सुती कापड उत्तम. आपल्याकडच्या पावसात प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत ओल कोंडून बुरशी येते, म्हणून हवा खेळेल अशी जागा निवडावी. लाकडाखाली बारीक पिठासारखा भुसा दिसला, तर कीड लागली आहे असे समजून ती वस्तू तात्काळ इतरांपासून वेगळी करावी. पितळी भांडी चिंच लावून लखलखीत करण्याचा मोह आवरावा. वारंवारच्या घासण्याने त्यांवर कोरलेली नावे पुसट होतात. सेल्युलॉइडच्या बाहुल्या स्वतंत्र ठेवाव्यात. त्या चटकन पेट घेतात आणि जुन्या झाल्या की त्यांतून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा शेजारच्या वस्तूंनाही खराब करतात.

मात्र सर्वांत आवश्यक साधन म्हणजे एक नोंदवही. खेळणे कोणाचे, कोठून आले, कोणत्या साली, त्याला घरात काय म्हणत, त्याच्याशी कसे खेळत, हे त्या घरातील वृद्धांना विचारून लिहून ठेवावे. नोंदीवाचून खेळणे मुके होते. वस्तू शंभर वर्षे टिकू शकते, सांगणारा माणूस टिकत नाही.

संग्रह मोठा असावा लागतो असेही नाही. दिल्लीचे शंकर्स आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय १९६५ साली सुरू झाले. व्यंगचित्रकार शंकर यांच्या त्या संग्रहाचा आरंभ हंगेरीच्या राजदूतांनी दिलेल्या एका बाहुलीपासून झाला. पुण्यात 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, भांडी अशा नित्याच्या वस्तू आयुष्यभर जमविल्या, बालवयात गेलेल्या आपल्या राजाचे नाव त्या संग्रहालयाला दिले आणि १९७५ साली तो सारा ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका मुलाची आठवण साऱ्या समाजाची ठेव झाली.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फडताळात एखादे जुने खेळणे असेल. ते न घासता, न रंगविता बाहेर काढा आणि घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीपुढे ठेवा. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या. मग ते खेळणे घरीच ठेवा किंवा शाळेला द्या. पण लिहिलेल्या कागदाची एक प्रत शाळेकडे अवश्य पाठवा. माझी ठकी मी आणली आहे. तिच्यासोबत, तिच्या अंगावरून मी जे पुसले, त्याचे आठवेल तेवढे वर्णन एका कागदावर लिहिले आहे. गुरुजींच्या रिकाम्या कपाटासाठी ती आज मुख्याध्यापकांच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.