बँजो, बासरी आणि आपल्या भजनातला पखवाज



पालीत ‘बेंजो’ म्हटलं की गणपतीची मिरवणूक डोळ्यांसमोर येते. डाव्या हाताने टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. त्या वाद्याचं जुनं नाव बुलबुलतरंग आणि ते मूळचं जपानकडचं. आज आम्ही सांगणार आहोत तो बँजो निराळा. डफासारखं गोल चामडं, त्याला लांब दांडी आणि पाच तारा. अमेरिकेतल्या डोंगरी मुलखात तो वाजतो. त्याच्यासोबत फिडल, मँडोलिन, गिटार आणि उभं ठेवून वाजवायचं मोठं बास असं मिळून जे संगीत होतं, त्याला ब्लूग्रास म्हणतात. रेडिओवर आम्ही त्याचा तुकडा लावला तेव्हा एका काकूंनी लगेच विचारलं, “ही कुठच्या गावची बारी?”

गाव एक नाही, तीन-चार आहेत. बँजोचं पहिलं रूप आफ्रिकेतलं. पश्चिम आफ्रिकेतल्या माणसांना गुलाम करून जहाजांनी अमेरिकेत नेलं. सोबत सामान नव्हतं, पण वाद्य कसं करायचं ते हातात होतं. सुकवलेल्या भोपळ्यावर चामडं ताणायचं, दांडी बसवायची, तात ओढायची. भोपळा म्हटल्यावर तुम्हाला एकतारी आठवली असेल. आपल्या तिठ्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूर ओलांडलं की मिरज येतं, तिथले तंबोरेही भोपळ्याचेच.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. ते आलं स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या गरीब कुटुंबांबरोबर. अठराव्या शतकात ही माणसं समुद्र ओलांडून अ‍ॅपलाचियन डोंगरांत राहायला गेली. आपल्या सह्याद्रीसारखाच तो मुलूख, दऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या वाड्या. त्यांच्या जुन्या मुलखातल्या संगीताला केल्टिक म्हणतात. भराभर फिरणारी, नाचायला लावणारी चाल. नाहीतर मग लांबलचक कथागीत. ही कथागीतं कागदावर नव्हती. घरातल्या बायकांच्या तोंडी होती, जशा आपल्या आज्यांच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या.

१९११ साली केंटकी राज्यातल्या रोझीन गावी बिल मन्रो जन्मले. आठ भावंडांतलं शेंडेफळ. आई फिडल वाजवायची आणि गायची. ते दहा वर्षांचे असताना ती गेली. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच धरलं होतं, म्हणून धाकट्याच्या वाट्याला उरलं ते मँडोलिन. त्याच उरलेल्या वाद्यावर त्यांनी पुढे नवी तऱ्हा उभी केली. केंटकीला ब्लूग्रास राज्य म्हणतात, म्हणून त्यांच्या संचाचं नाव ‘ब्लू ग्रास बॉइज’ आणि त्यावरून संगीताचंही नाव पडलं. १९३९ पासून नॅशव्हिलच्या रेडिओवर शनिवारी रात्री ते वाजवू लागले. डोंगर सोडून कारखान्यांच्या शहरांत गेलेली माणसं ते ऐकत. मुंबईच्या गिरणगावातले आपले चाकरमानी चाळीत भजनाची नि जाखडीची तालीम धरायचे, ती ओढ इथेही होती. आणि नावात ‘बॉइज’ असलं तरी १९४०च्या दशकात त्या संचात सॅली अ‍ॅन फॉरेस्टर नावाची एक बाई अ‍ॅकॉर्डियन वाजवत होती. हे आम्हाला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आता हे वाजतं कसं ते ऐका, कारण खरी गंमत त्यात आहे. जुन्या ब्लूग्रासमध्ये ढोल किंवा तबला काहीच नसतं. बास खालचा ठोका देतं आणि मधल्या रिकाम्या जागी मँडोलिनवाला तारा दाबून ‘छक्’ करतो. तेवढ्यावर ताल उभा राहतो. गौरी-गणपतीच्या फुगडीत आपण पाय आणि टाळी यांवरच रात्र काढतो, तेव्हा ढोलकी कुठे असते? दुसरी गोष्ट, मायक्रोफोन एकच. सगळे त्याच्याभोवती उभे. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, आपला तुकडा वाजवतो, मागे होतो. तेवढ्या वेळात बाकीचे हात आखडून त्याला आधार देतात. मोठ्याने वाजवणाऱ्याचं तिथे चालत नाही, ऐकणाऱ्याचं चालतं.

बँजोची एक अडचण आहे. चामड्यावरचा सूर टण्‌ झाला की विरतो. म्हणून वाजवणारा अंगठा आणि दोन बोटं सतत फिरवत सुरांची माळ गुंफतो. ही तीन बोटांची तऱ्हा अर्ल स्क्रग्ज यांनी १९४५ साली मन्रोंच्या संचात आणली आणि लोक वेडे झाले. विरणारा सूर असल्यामुळेच बँजोला लांब सूर धरणारं कुणीतरी शेजारी लागतं, फिडल किंवा बासरी.

इथे जॅझ येतो. जॅझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी उभं केलेलं संगीत. चाल ठरलेली, पण प्रत्येक फेरीत ती जागच्या जागी नव्याने मांडायची. मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३०च्या दशकात जॅझ वाजत होता, आणि गोव्याच्या अनेक वादकांनी तो पुढे हिंदी सिनेमाच्या गाण्यांत नेला. म्हणजे नाव ठाऊक नसलं तरी आपण तो ऐकलेला आहे.

१९७०च्या दशकात तरुण ब्लूग्रासवाल्यांनी जॅझच्या या मोकळेपणाशी सोयरीक केली. त्या वाटेवरच्या अ‍ॅलिसन ब्राऊन आमच्या विशेष आवडीच्या. व्यवसाय-व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन त्या मोठ्या वित्तसंस्थेत नोकरीला होत्या. ती सोडून त्यांनी बँजो हातात घेतला. १९९१ साली त्यांच्या क्षेत्रातल्या संघटनेने त्यांना वर्षातल्या उत्तम बँजोवादकाचा मान दिला. वाद्यासाठी तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांच्या संचात बँजोबरोबर जॅझसारखे पियानो, बास आणि ड्रम असतात, आणि चालींत आयर्लंडचा वारा असतो. १९९५ साली त्यांनी नवऱ्याबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. बचत गटाचं खातं सांभाळणाऱ्या बाईला यातलं मोल वेगळं सांगायला नको.

आणि हे संगीत मुंबईपर्यंत पोचलं आहे. माहीमला जन्मलेले उस्ताद झाकिर हुसेन आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांनी बँजोवादक बेला फ्लेक (नाव बेला असलं तरी पुरुष) आणि बासवाले एडगर मेयर यांच्याबरोबर २०२३ साली एक ध्वनिमुद्रिका केली. २०२४च्या फेब्रुवारीत तिला दोन ग्रॅमी मिळाले. झाकिरभाई त्याच वर्षी डिसेंबरात गेले. स्कॉटलंड-आयर्लंडच्या वादकांबरोबरही त्यांनी कार्यक्रम केले होते. बँजोचा सूर विरतो तिथे राकेशजींची बासरी लांब सूर धरते आणि दोघांच्या मधल्या फटीत तबला बोलतो. कुणी कुणाला झाकत नाही.

आता आपल्याकडचं भांडण. जाखडीत सिनेमाच्या चाली आल्या, भजनात यंत्रावरचे ठोके आले, म्हणून वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘चाल मोडली.’ पोरं म्हणतात, ‘काळाप्रमाणे नको का?’ आमचं मत असं, की मिसळणं वाईट नाही. बँजो स्वतःच मिसळीतून झाला. पण अ‍ॅलिसनबाई काय किंवा झाकिरभाई काय, आपली मूळ विद्या पक्की करून मग दुसऱ्याच्या अंगणात गेले. मूळ चाल न शिकता तयार ठोका चिकटवला तर ती मिसळ नव्हे, ती उसनवारी.

आणि मूळ विद्या शिकायची तर वाद्य हातात हवं. आमच्याकडे आलेल्या महिला मंडळांच्या भजनांत बायका टाळ वाजवतात, गळा लावतात, पेटीवर कधीमधी एखादी मुलगी असते. पखवाजाला मात्र पुरुष बोलवावा लागतो. तो आला नाही तर भजन रद्द, आला तर त्याच्या वेळेने आणि त्याच्या लयीत. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक आपण मळून देतो, आणि ती लावायला हात त्याचा!

सुरुवात लहान करता येते. भजनी ठेक्याच्या मात्रा आठ. त्या आधी तोंडाने म्हणा, मग मांडीवर वाजवा, मग पखवाजावर हात टाका. दर एकादशीला एका अभंगापुरता पखवाज आपल्यातलीच एक धरील, असं मंडळाने ठरवावं. ठेका चुकला तर टाळवाल्यांनी सांभाळून घ्यावं. फेरी वाटून घ्यावी: एका कडव्याला पेटी पुढे, एकाला टाळ, एकाला नुसता गळा. जिचा हात बसेल तिने आम्हाला कळवावं. तिचा ठेका आम्ही याच कार्यक्रमात लावू.