वाहिन्या सर्व ‘एचडी’, चित्रे मात्र निरनिराळी

छपरावरील अँटेना फिरवून चित्र स्वच्छ करून घेण्याची सवय परभणी जिल्ह्यातील एका संपूर्ण पिढीच्या अंगवळणी पडलेली आहे. दूरदर्शनचे प्रक्षेपण जमिनीवरील मनोऱ्यांवरून होत असे, त्या काळी ती रास्तच होती. संदेश क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत आणि अँटेना योग्य दिशेला वळविला की त्या नाहीशा होत. मोजके अपवाद वगळता ही जुन्या पद्धतीची केंद्रे २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली. दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेसाठी आज गंगाखेड, जिंतूर वा पालम येथील घरांवर आग्नेयेकडे तोंड केलेली छत्री दिसते. यंत्रणा बदलली, सवय मात्र तीच राहिली आहे.

म्हणूनच एकाच संचावर एका एचडी वाहिनीचे चित्र आरशासारखे लखलखीत आणि दुसरीचे धुरकट दिसू लागले की ठपका छत्रीवर किंवा संचावर येतो. शाळेत वा ग्रामपंचायतीत नवा संच घेण्याचा विचार सुरू होतो. पैसा खर्च होतो, चित्र आहे तसेच राहते.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने मराठवाडा व विदर्भातील कापूस उत्पादकांचे मोठे नुकसान केले. या किडीची एक प्रारंभीची खूण म्हणजे डोमकळी, म्हणजेच पाकळ्या न उमलता मिटून राहिलेले फूल. कृषिविषयक कार्यक्रमात ती दाखविली जात असताना पाकळ्यांची गुंफणच पुसट झाली, तर शेतकऱ्याने ओळखावे काय? फळ्यावरील अनुस्वार व रफार शैक्षणिक कार्यक्रमात दिसेनासे झाले, तर विद्यार्थ्याचीही तीच अडचण होते.

‘एचडी’ या शब्दाने फक्त चित्रबिंदूंची संख्या कळते. साध्या वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू असतात. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक. एवढे चित्र जसेच्या तसे पाठवावयाचे तर दर सेकंदाला सुमारे दीडशे कोटी बिट माहिती लागते. उपग्रहावरील एका ट्रान्सपाँडरची वहनक्षमता मात्र बहुधा चार-साडेचार कोटी बिटांच्या आसपास असते आणि तीही अनेक वाहिन्यांत वाटावी लागते. साहजिकच चित्राचा संक्षेप करणे अपरिहार्य ठरते.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी घेणाऱ्यांना हे सहज उमगेल. कालव्याची क्षमता ठरलेली असते. चार-पाच एचडी वाहिन्यांना प्रत्येकी ८० लाख ते १ कोटी बिट मिळाले तर चित्र उत्तम राहते. त्याच कालव्यावर दहा वाहिन्या बसविल्या की प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम ४० लाख येतात. नावाने दोन्ही ठिकाणी एचडीच!

या तुटीचा परिणाम मात्र सर्व दृश्यांवर सारखा होत नाही. वृत्तनिवेदकाच्या पाठीमागची भिंत हलत नसल्यामुळे तिची माहिती पुन्हा पुन्हा पाठवावी लागत नाही. आषाढी वारीचे प्रक्षेपण घ्या. हजारो माणसे, फडफडणाऱ्या पताका, वरून पाऊस. क्षणोक्षणी सारेच बदलते. अशा वेळी माहिती अपुरी पडली की चेहरे विरघळल्यासारखे होतात आणि चित्रात चौकोनी ठोकळे उमटतात. काही प्रक्षेपक धावपळीचे दृश्य असलेल्या वाहिनीला तेवढ्यापुरता अधिक वाटा देतात. त्यामुळे शेजारच्या वाहिनीवर क्रिकेटचा सामना रंगला असता आपल्या वाहिनीचे चित्र किंचित फिके पडू शकते, ही यातली एक गंमत.

दुसरे कारण मूळ चित्रणाचे. पूर्वी साध्या पद्धतीने मुद्रित केलेला कार्यक्रम एचडी वाहिनीवर दाखविताना यंत्र मधले बिंदू अंदाजाने भरते. चित्र मोठे होते, पण त्यात नवा तपशील येत नाही. जुन्या चौकोनी चित्राला रुंद पडदा भरण्यासाठी ताणले तर माणसे बुटकी व जाड दिसतात, ती वेगळीच.

मग छत्रीचा दोष कसा ओळखावा? आजच्या पद्धतीत संदेश पुरेसा असेतोवर चित्र जसे पाठविले तसेच उमटते. छत्री अधिक नेमकी लावल्याने ते अधिक रेखीव होत नाही. मुसळधार पावसात संदेश मर्यादेखाली गेला की चित्र थिजते, आवाज तुटतो किंवा पडदा काळा होतो. छत्री व तारेची तपासणी अशा वेळी करावी. सर्वच वाहिन्या सदैव धूसर दिसत असतील तर बॉक्स व संच यांना जोडणारी तार पाहावी. लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांच्या जुन्या तारेतून एचडी चित्र जात नाही. त्यासाठी एचडीएमआय तार लागते.

एकच वाहिनी खराब दिसत असल्यास तीच वाहिनी त्याच वेळी दुसऱ्या सेवेच्या ग्राहकाकडे पाहावी. तेथेही ती धूसर असेल तर दोष बहुधा मूळ चित्रणाचा वा वाहिनीचा आणि तेथे स्वच्छ असेल तर बहुधा आपल्या केबलचालकाचा किंवा उपग्रहसेवा कंपनीचा. तक्रारीत वाहिनीचा क्रमांक, कार्यक्रमाचे नाव, तारीख व वेळ यांची नोंद अवश्य असावी.