गाडीचा संपर्क नेमका कुठे तुटतो?

ब्लूटूथ जोडलं की लगेच सुटतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपला गाडी सापडत नाही. डॅशबोर्डवर मध्येच भलतेच दिवे लागतात. तिन्ही तक्रारींवर ‘युनिट बदलावं लागेल’ हे उत्तर ठरलेलंच. पण संपर्क तीन वेगळ्या ठिकाणी तुटू शकतो. ते ठिकाण आधी शोधलं, तर बराच खर्च वाचतो.

पहिलं ठिकाण फोन आणि गाडी यांच्यामधलं. अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले सारखं बंद पडत असेल, तर आधी केबल बदलून पाहा. साध्या यूएसबी केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन डेटाच्या असतात. काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. फोन चार्ज होतो, पण स्क्रीनवर काही येत नाही. ब्लूटूथचं पेअरिंग फोनमधून आणि गाडीतून, दोन्हीकडून पुसून नव्याने करावं.

दुसरं ठिकाण गाडी ते टॉवर. कनेक्टेड गाडीत स्वतःचं ई-सिम असतं. बेसमेंटमध्ये रेंज नसेल, तर अ‍ॅपवरून दार उघडणार नाही. तो बिघाड नव्हे. गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर बॅटरी वाचवण्यासाठी ही यंत्रणा झोपी जाऊ शकते. सेवेची मुदत संपली आहे का, तेही तपासावं. कधी गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. अमेरिकेत एटी अँड टी या मोबाइल कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं, तेव्हा त्यावर अवलंबून असलेल्या जुन्या गाड्यांची सेवा खंडित झाली.

तिसरं ठिकाण गाडीच्या पोटात. इंजिन, ब्रेक, मीटर यांचे छोटे संगणक एकमेकांत पीळ दिलेल्या दोन तारांवरून बोलतात. ही ‘कॅन’ पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. म्हणून बॅटरी काढून, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर मल्टीमीटर लावला, की साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर एक बाजू तुटलेली. शून्याच्या आसपास आले तर तारा एकमेकींना चिकटलेल्या. काही नव्या गाड्यांत सॉकेट आणि या तारा यांच्यामध्ये गेटवे नावाचा वेगळा संगणक असतो, तिथे मात्र हा आकडा भलताच येऊ शकतो.

आपल्याकडे या तारांचे वैरी ओळखीचेच: बॉनेटखाली शिरणारे उंदीर, कपलरमध्ये पाणी जाऊन पिनांवर चढलेला हिरवा गंज आणि बाहेरून कॅमेरा किंवा म्युझिक सिस्टिम बसवताना वायर कापून मारलेले जोड. बॅटरी कमजोर असली, तरीही असेच खोटे बिघाड दिसतात.

म्हणून नव्या युनिटला होकार देण्याआधी स्कॅनरने काढलेले कोड लिहून मागा. ‘यू०१००’ हा कोड इंजिनच्या संगणकाशी संपर्क तुटल्याचं सांगतो. तो संगणक जळाला, असं सांगत नाही. फ्यूज, अर्थिंग आणि कपलर तपासून दाखवल्यावरच अंदाजपत्रकावर सही करा.